मुंगी न लागलेला घास

"तोंड उघड."

साहेब यमुनेला म्हणाले. ती कंपनीच्या आवारात, पाण्याच्या टाकीपाशी भिंतीला टेकून बसली होती. बसली म्हणजे मी तिला बसवली होती. पाकिटं बंद करायच्या मशीनवरच ती कोसळली. कपाळ पत्र्यावर आपटलं, रक्त आलं. पाणी मारून मी तिला जरा भानावर आणते तोवर साहेब आले. रक्ताबद्दल एक शब्द नाही. विचारलं ते एवढंच, "किती प्यायलीय?"

यमुना माझी धाकटी जाऊ. आमच्या वाडीत मोहाची दारू गाळतात, खोटं कशाला बोलू? पण यमुनेला तिच्या वासानंही मळमळायचं. घरात कोणी पिऊन आलं की ती पडवीत जाऊन बसायची.

वॉचमननं मशीन आणलं. हमरस्त्यावर पोलीस गाडीवाल्यांच्या तोंडात नळी देतात, तसलं. यमुनेला धड फुंकता येत नव्हतं. मी तिचं डोकं धरलं. तिनं फुंकलं. मशीन गप्प राहिलं.

"मशीन बिघडलंय," साहेब म्हणाले. "तू वास घे रे."

वॉचमन सरळगावच्या बाजूचा, आमच्यासारखाच शेतातून आलेला माणूस. तो वाकला. यमुनेच्या तोंडाला नाक लावलं. तिनं डोळे मिटून घेतले. वॉचमन चाचरत म्हणाला, "गोडसर वास येतोय, साहेब."

"झालं तर मग. मोहाची आहे."

मग पॅकिंगच्या आम्हा सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं. एकेकीनं पुढं यायचं आणि तोंड उघडायचं. म्हसा गावच्या जत्रेत बैलाचे दात बघतात तसं. ऑफिसातली माणसं वरच्या गॅलरीत येऊन बघत होती. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. ठकीमावशी आमच्यात सगळ्यात वयस्कर, तिच्या तोंडात चारच दात. तिनं तोंड उघडलं तेव्हा वर हशा पिकला. माझी पाळी आली. मीही उघडलं. माझ्या घशापर्यंत त्या वॉचमनचा श्वास आला. आजही जेवताना कधीकधी तो आठवतो आणि घास फिरतो.

"सगळ्यांच्या अंगाला तोच वास आहे," साहेब गॅलरीकडं बघून म्हणाले. "टेम्पोतच पीत येतात वाटतं."

वास होता, हे खरं. गोड, डोक्यात जाणारा. आमच्या केसांना होता, लुगड्यांना होता, घरी गेल्यावर पोरांना जवळ घेतलं तर तीही म्हणायची, आये, तुला कसला वास येतो? पण तो वास आम्ही वाडीतून आणला नव्हता. त्यांच्या कारखान्यातून घरी नेत होतो.

आमची ठाकरवाडी वैशाखरे गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला. सकाळी खाली माळशेजच्या रस्त्यावर मुकादमाचा टेम्पो यायचा आणि आम्हाला मुरबाडच्या बाजूला कंपनीत न्यायचा. काम स्वच्छ. दवाखान्यात लागतात त्या पट्ट्या, कापूस, नळ्या पाकिटात भरायच्या, पाकिटं बंद करायची, खोक्यात रचायची. मग ते खोके खोलीएवढ्या एका लोखंडी कोठीत ढकलत, दार लावत आणि आत गॅस सोडत. त्यानं जंतू मरतात, असं आम्हाला सांगितलं होतं. माणसाचं काय होतं, ते कोणी सांगितलं नाही. कोठीतून निघालेला माल मागच्या एका बंद खोलीत काही दिवस ठेवायचे. तिला सगळे हवेची खोली म्हणत. माल तिथं हवा खातो, एवढंच आम्हाला ठाऊक. त्या मालातून काय निघून त्या हवेत जातं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सुरुवातीला आम्ही कँटीनमध्ये जेवायचो. कोपऱ्यातल्या टेबलावर. एकदा माझ्या डब्यात सुकट होती. कांदा घालून परतलेली, नाचणीची भाकरी. मी झाकण काढलं आणि पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी रुमाल नाकाला लावला. साहेब तिथंच जेवत होते. उठून आले.

"हे काय सडलंय? इथं माणसं जेवतात."

मी झाकण लावलं.

"उद्यापासून मागं बसा. हवेच्या खोलीत. तिथं पंखा आहे, तुमचा वास निघून जाईल."

खरं सांगते, दोन दिवस वाईट वाटलं आणि मग आम्ही खूश झालो. खोली थंड होती. कोणी बघायला नव्हतं. खोक्यांना पाठ टेकून पाय पसरता यायचे, मिसरी लावता यायची, नवऱ्यांच्या नकला करून हसता यायचं. कँटीनमध्ये आम्ही चोरासारखं जेवायचो, इथं पोटभर जेवायला लागलो. दार मात्र लावून घ्यायचं, असा साहेबांचा हुकूम होता. सुकटीचा वास ऑफिसपर्यंत जाऊ नये म्हणून. ते स्वतः कधी आत आले नाहीत. काही सांगायचं असलं तर उंबऱ्याबाहेर उभे राहून सांगायचे, तेही रुमाल नाकाला लावून. आम्हाला वाटायचं, आमचाच वास.

आमच्यात नव्या जागी जेवायला बसलं की पहिला घास बाजूला काढतात. पितरांच्या नावानं. तो घास मुंगीनं नेला, उंदरानं नेला, कोणीही नेला की पितर जेवले असं समजायचं. हवेच्या खोलीत भिंतीतून एक जाड पाइप आला होता, त्याच्या मागं एक फळीएवढा कट्टा होता. ठकीमावशी तिथं घास ठेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी घास तसाच.

तिसऱ्या दिवशीही. मावशी नवा घास ठेवायची, जुना बाजूला सारायची. भाकरीचे तुकडे वाळून खडखडीत झाले. आम्ही रोज विचारायचो, "आज तरी नेला का गो मावशे?" ती पाइपामागं डोकावून म्हणायची, "हाय तसाच."

मग एकेक सुरू झालं. कुणाचं डोकं दुखायला लागलं ते थांबेना. कुणाची पाळी बंद झाली. कुणाचे डोळे सारखे चुरचुरायचे. यमुनेला दिवस गेले होते, ते मूल पडलं. पुन्हा दिवस गेले, पुन्हा पडलं. दुसऱ्या वेळी ती मशीनवर उभी होती. मुकादमानं तिला बाथरूम धुऊन घ्यायला लावलं आणि मगच घरी सोडलं.

"पितर रुसल्यात," ठकीमावशी म्हणाली. सगळ्यांना ते पटलं. मलाही. मी आश्रमशाळेत दहावी केली, विज्ञानात पास झाले, तरी पटलं. पोटातलं मूल दोनदा गेलं की माणूस पुस्तक उघडत नाही, भगताकडं जातो. भगतानं सुपात तांदूळ टाकून बघितलं. म्हणाला, परक्याच्या लोखंडी छपराखाली जेवता, पितरांना वाट सापडत नाही. काळी कोंबडी द्या. आणि जिची कूस रिकामी झाली तिनं घासापाशी बसायचं, पितरांना हाक मारायची, ते येतील तोवर.

यमुना बसायची. आम्ही जेवून मशीनवर परत गेलो की ती मुकादमाचे पाय धरून थोडा वेळ मागून घ्यायची आणि त्या बंद खोलीत, पाइपाखाली, हात जोडून एकटी बसायची. ताज्या मालाच्या मधोमध. पावसाळा गेला, हिवाळा गेला, ती बसत होती. बाहेर आली की भिंत धरून चालायची. गोड वास सगळ्यात जास्त तिच्याच अंगाला यायचा. त्याच वासापायी त्या दिवशी तिला दारुडी ठरवलं आणि कामावरून काढून टाकलं.

घरी बसल्यावर ती बरी होईल असं वाटलं होतं. उलटंच झालं. चालताना तिच्या पायातून चप्पल निसटायची आणि तिला कळायचं नाही. एक चप्पल अंगणात, ही अनवाणी विहिरीवर. एकदा चुलीतला निखारा पायावर पडला. मांस जळाल्याचा वास मला आला, तिला काहीच कळलं नाही. मग तोंडातून, हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. आम्हाला वाटलं हाही तोंड उघड म्हणणार. त्यानं पायाला सुई टोचून बघितली, रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, "कामाला कुठं आहे? तिथं कशाचा वास येतो?" इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या गॅसचं नाव काय ते विचारून या. मला लिहून वर कळवायचं आहे, आणि उपचाराची दिशाही ठरवायची आहे. रक्ताचं लक्षण चांगलं नाही."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आणखी दोघं बसले होते.

"साहेब, कोठीत सोडतात त्या गॅसचं नाव काय? डॉक्टरनी विचारलंय."

"सांगितलं तर तुला म्हणता येईल?"

"दहावी झाल्ये मी."

"अरे वा! मग म्हण माझ्यामागून. डेक्स्ट्रोमेथॉर्फन."

मी म्हटलं. चुकलं. ते दोघं हसले. साहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. मी उभ्या उभ्या, शाळेतल्या पोरीसारखी, पुन्हा पुन्हा म्हटलं. बरोबर आलं तेव्हा साहेबांनी टाळी वाजवली. "शाब्बास. जा, सांग तुझ्या डॉक्टरला."

विसरेन म्हणून एसटीत सबंध वाटभर पुटपुटत गेले. बाजूची बाई मला वेडी समजून सरकून बसली. दवाखान्यात रांगेतही म्हणत होते. डॉक्टरसमोर धाडकन सांगितलं, एकही अक्षर न चुकता. मला अभिमान वाटत होता.

डॉक्टरनं लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "ताई, हे गॅसचं नाव नाही. खोकल्याच्या औषधातला घटक आहे हा. त्यांनी तुमची थट्टा केली."

माझी जाऊ मरत होती आणि त्यांना गंमत सुचली. तो शब्द आजही मला पाठ आहे. मेल्यावरही पाठ राहील.

त्याच दिवशी संध्याकाळी यमुनेला जेवायला वाढलं. तिनं सवयीनं पहिला घास काढून चुलीच्या कडेला ठेवला. तिचं जेवण व्हायच्या आत भिंतीच्या फटीतून मुंग्या निघाल्या. एक, मग दहा, मग काळी रांगच. घास उचलून निघाल्यासुद्धा. यमुना बघत राहिली आणि रडायला लागली. "बघ गो, आलं. पितर आलं. रुसलं नाय माझ्यावर."

मी रांगेकडं बघत होते. तीच भाकरी. तोच हात. तेच पितर. घरात येतात आणि खोलीत येत नाहीत?

पितर कुठंच रुसले नव्हते. त्या खोलीत मुंगी जगतच नव्हती. जंतू मरतात म्हणाले होते ना? मुंगीही मरते. उंदीर पळून जातो. आणि ज्या जागी मुंगी टिकत नाही, त्या जागी आम्हाला जेवायला बसवलं होतं, दार लावून. का? तर आमच्या सुकटीला वास येतो. मला इतका राग आला की हातातली पळी चुलीवर आपटली. यमुना दचकली. तिला मी काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार, की तू हात जोडून बसलीस तेच तुला भोवलं?

डॉक्टरला सांगितलं. त्यानं वर कळवलं. काही दिवसांनी तपासणीला एक सरकारी मॅडम आल्या, हातात हवा मोजायचं यंत्र घेऊन. कंपनीला आधीच कळलं होतं. दोन दिवस कोठी बंद, सगळे पंखे चालू, आम्हाला कोरे मास्क. दुपारी आम्हाला चक्क कँटीनमध्ये बसवलं. ताटं, पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी. साहेब मॅडमना सांगत होते, "आमच्या या भगिनी रोज इथंच जेवतात."

मॅडमनी विचारलं, "रोज इथंच?"

सगळ्यांच्या माना ताटात. ठकीमावशी जिलेबीकडं बघत होती. मला त्यांचा राग नव्हता, त्यांच्या घरी चूल त्या टेम्पोवर पेटत होती. पण मला यमुनेचा जळलेला पाय दिसत होता. मी उठले.

"नाय मॅडम. आमी हितं नाय जेवत. हितं आमाला वास येतो म्हून हाकलल्यानी. आमी हवेच्या खोलीत जेवतो."

साहेब हसले. "मॅडम, लक्ष देऊ नका. ही पिऊन आलीय. या वाडीचा प्रॉब्लेमच तो आहे. तोंडाचा वास घ्या, कळेल." आणि माझ्याकडं वळून, त्याच आवाजात, "तोंड उघड."

रांगेतला तो दिवस आठवला. वॉचमनचा श्वास आठवला.

"नाय उघडनार," मी म्हटलं. "तुमाला वास घ्यायला तर नायच नाय. मी बोलनार. मॅडम, चला माज्यासंगती."

हवेच्या खोलीला कुलूप होतं. चावी सापडेना. मॅडम म्हणाल्या, मी थांबते. चावी सापडली. आत एकही खोका नव्हता, फरशी फिनेलनं पुसलेली. "गोडाऊन आहे, इथं कोणी फिरकत नाही," साहेब उंबऱ्याबाहेरून म्हणाले. मी पाइपाच्या मागं हात घातला. झाडणाऱ्याला तो कट्टा ठाऊक नव्हता. वाळलेले घास हाताला लागले. मूठभर, मग आणखी मूठभर. भाकरीचे, भाताचे. मी ते मॅडमच्या पायांशी ओतले. एकालाही दात लागला नव्हता.

मॅडमनी विचारलं, "हे काय?"

मी बोलायच्या आधी मागून आवाज आला. ठकीमावशी कँटीनमधून उठून आली होती. "पितरांचं हाय. आमीच ठेवलंय. रोज हितंच जेवतो आमी."

मी दाखवल्यावर मॅडमनी बाहेर ट्रकमध्ये भरून ठेवलेले खोके परत आणायला लावले. रोजच्यासारखे रचायला लावले, दार लावून काही वेळ वाट बघितली. मग दार उघडून यंत्र आत धरलं. यंत्र ओरडायला लागलं आणि ओरडतच राहिलं. मॅडमनी आम्हाला मागं ढकललं. "इथिलीन ऑक्साइड," त्या म्हणाल्या, आमच्याकडं न बघता. यमुनेला काय मारतंय त्याचं नाव मला असं कळलं. साहेब केव्हाच लांब जाऊन उभे होते.

आता न्याय मिळाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं होतं.

मॅडमनी कंपनीवर केस लावली. कंपनीनं तिथं आपलं म्हणणं दिलं. बायका बंदी असलेल्या खोलीत आपल्या मर्जीनं शिरत होत्या. अंधश्रद्धेपोटी. तिथं पितरांना नैवेद्य ठेवत होत्या, भगताच्या सांगण्यावरून एक बाई तासन्‌तास बसत होती. पुरावा म्हणून ते घासच दाखवले. मी माझ्या हातानं काढून दिलेले. खोलीच्या दारावर आता प्रवेश बंद असा फलक आहे, आणि तो पहिल्यापासून होता असं साहेब सांगतात. आमच्या वाडीतल्या सगळ्या बायकांना काढलं. टेम्पो आता दुसऱ्या वाडीला जातो.

यमुना गेली. रक्ताचा कॅन्सर म्हणाले. शेवटी तिला बोलता येत नव्हतं, हिरड्या सुजल्या होत्या. डॉक्टर तपासायला आला आणि हळूच म्हणाला, ताई, जरा तोंड उघडा. तिनं घाबरून हातानं तोंड झाकलं. मरायला टेकलेली बाई, आणि तिला वाटलं हाही वास घेणार. ते मी विसरणार नाही आणि कोणाला विसरू देणार नाही.

तिच्या दहाव्याला मुकादम आला. नवं लुगडं घेऊन. अंगणात बसला, चहा प्यायला. म्हणाला, "वयनी, केसमधी एवढंच सांगायचं की यमुना पीत व्हती. बाकीच्या बायांना सायेब परत घेतो बोललाय. मेलेल्या मानसाला काय फरक पडतो?"

पडवीतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला कळत होतं. मी लुगडं उचललं आणि मुकादमाच्या पायावर टाकलं.

"फरक तिला नाय पडत. मला पडतो. उठ."

तेव्हापासून काही बायका माझ्याशी बोलत नाहीत. विहिरीवर मी गेले की त्या घागरी उचलतात. ठकीमावशी तेवढी येते. बाकीच्या बोलोत नाहीतर न बोलोत.

सकाळी मी खाली रस्त्यावर जाऊन उभी राहते. दुसऱ्या वाडीचा टेम्पो तिथून जातो, त्यात कोवळ्या पोरी असतात, नव्या लग्नाच्या. मी टेम्पो अडवते. मुकादम शिव्या देतो, मी ऐकून घेते आणि पोरींना सांगते. पहिला घास काढून ठेवा. मुंगी आली नाय तर भगताकडं जाऊ नका. उठा आणि भाईर या. त्या जाग्यावर घटकाभर बसू नका. वासाचं नाव इथिलीन ऑक्साइड. मागनं येनाऱ्या पोरींनाबी सांगा. त्या मला वेडी म्हणतात. म्हणू देत. शब्द त्यांच्या कानात जातो आहे.

त्या केसची सुनावणी ठाण्याला आहे. कंपनीचा वकील यमुनेच्या दारूबद्दल विचारणार, मला माहीत आहे. मी डबा घेऊन जाणार आहे. नाचणीची भाकरी आणि सुकट. सगळ्यांसमोर झाकण काढणार. ज्याला वास येईल त्यानं उठून जावं, मी उठणार नाही. पहिला घास यमुनेच्या नावानं त्यांच्या टेबलावर ठेवीन. मग साहेबांकडं बघीन आणि एवढंच म्हणेन, आता तुमी तोंड उघडा.